कणसांचे फेस्त आणि सहीचा कागद

ऑगस्ट उजाडला की गोमंतकातील धर्मग्रामांत कणसांच्या फेस्तास आरंभ होतो. सासष्टी महालातील राय गावी ५ ऑगस्ट रोजी, हिमाच्या सायबिणीच्या सणादिवशी, नव्या भाताची पहिली कणसे कापली जातात. पणजीला खेटून असलेल्या ताळगावाचा मान २१ ऑगस्टचा. पाद्री शेतात उतरतात, विळ्याने पहिली मूठ कापतात, बँड वाजतो, आणि आशीर्वादित कणसे घरोघरीच्या वेदीवर खुरसाशेजारी जाऊन बसतात. ज्या घरातील कोणी आज शेताचे तोंडही पाहत नाही, त्या घरातही हे कणीस श्रद्धेने नेले जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. पाहताना कौतुक वाटले आहे, आणि थोडा विषादही.

याच दिवसांत एका वाचक-भगिनीचे पत्र आमच्या हाती पडले. तिचे माहेर बेळगावच्या दक्षिण अंगाला, आणि सासर बार्देश महालात, म्हापशापासून फार दूर नसलेल्या एका गावात. सासरे निवर्तले; मागे तीन मुलगे. थोरला घरी असतो, मधला म्हणजे या भगिनीचा पती तारवटी असून वर्षाचे आठ-नऊ महिने बोटीवर असतो, धाकटा कुवेतमध्ये. नदीच्या बांधाआड त्यांचे एक सखल शेत आहे. त्याला गिऱ्हाईक आले आहे. थोरले दीर राजी आहेत, धाकट्याने तारेने कळवावे तसे फोनवरून चार शब्दांत कळवले आहे, पतीने 'तुम्ही ठरवाल ते' म्हटले आहे. राहिली ती हिची सही. कारण गोमंतकात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मिळकत सामान्यतः सामाईक असते, आणि स्थावर विकावयाचे तर बायकोची संमती लागते. आमच्या इतर प्रांतांतील भगिनींना हा हक्क ठाऊक नसेल. या भगिनीलाही तो कागद समोर येईपर्यंत ठाऊक नव्हता.

ती लिहिते, "शेत तीन वर्षे पडीक आहे. यंदा आमच्या वाड्यावर कोणीच पेरले नाही, म्हणून फेस्ताची कणसे पलीकडच्या वाड्यावरून आणली. घरचे म्हणतात, पडीक जमीन ठेवून काय करायचे? मला उत्तर सुचत नाही, पण हात सहीकडे जात नाही. फादर, मी चुकते आहे का?"

तीन वर्षे पडीक, या शब्दांशी आम्ही बराच वेळ थांबलो. शेत पडीक झाले, असे आपण पाऊस झाला, रात्र झाली, याच चालीवर बोलतो. जणू त्यात कोणाचा हात नाही. खाजणाचे शेत आपणहून पडीक होत नाही.

खाजण म्हणजे काय, हे आमच्या इंदूर, बडोदे, हैदराबादकडील वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. गोमंतकातील नद्यांत भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी कित्येक कोस आत चढते. काठावरची सखल जमीन त्या पाण्याखाली जावी हाच निसर्गक्रम. आमच्या पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि दगड यांचे बांध घालून ती जमीन नदीच्या हातून सोडवून घेतली. अशी जमीन साऱ्या गोमंतकात सुमारे १८ हजार हेक्टर भरते असे सांगतात. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की बाहेरचे पाणी झडपेवर रेटा देते आणि ती मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला रेटून उघडते व नदीत निघून जाते. पहारेकरी नको, यंत्र नको. माणूस लागतो तो फळी कुजली म्हणजे बदलावयास, आणि खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोके वेळीच बुजवावयास. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन जाते, आणि मग कोरगूट, आसगो यांसारखी खारटपणा सोसणारी भाते पेरली जातात. आतल्या पाण्यात मासळी, कोळंबी मिळते ती वेगळीच.

या रचनेत एकट्याचे असे काहीच नाही. माझ्या शेतातले पाणी तुमच्या शेतातून जाते, तुमचे पलीकडच्याच्या शेतातून, आणि सर्वांचे मिळून एका मानशीतून बाहेर पडते. म्हणूनच बांधांची व्यवस्था जुन्या काळी गावकारीकडे असे. अफोन्सो मेशिया यांनी १५२६ साली गावकारीच्या रूढी लेखी नोंदविल्या, तेव्हा त्या रूढी आधीच पुरातन होत्या. पुढे गावकारीची कोमुनिदाद झाली, तिचे नियम १९६१ च्या संहितेत आले. बांधावरून फिरून देखरेख करण्यास पायणी नेमलेला असे आणि त्याचा खर्च गावाच्या उत्पन्नातून निघे.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक झाला. हे न्यायाचेच झाले. ज्याने चिखलात कंबर मोडली त्याच्या नावावर शेत आले, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. परंतु खंड बंद झाला तसे बांधासाठी पैसा येण्याची वाटही आटली. कायदा करणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नव्हते असे नाही. १९७५ च्या नियमांनी बांध राखण्याची सामाईक जबाबदारी कुळांवर घातली आणि त्यासाठी कुळांचे संघ स्थापन झाले. काही गावांतील संघांनी हे काम चोख केले, आजही करीत आहेत. पण कित्येक ठिकाणी संघ उरला तो मानशीची पावणी करण्यापुरता, म्हणजे तेथील मासळीचा वार्षिक लिलाव करण्यापुरता. पावणी घेणाऱ्याला भाताशी कर्तव्य नसते. जास्त मासळी यावी म्हणून भरतीच्या वेळी दार उघडे ठेवले की खारे पाणी शेतात शिरते. एकदा शिरले की पुढचा एखादा हंगाम गेलाच म्हणून समजा.

आणि आता शहर आले. म्हापसा, पणजी, मडगाव ही तीनही नगरे अशा सखल शेतांच्या कडेकडेनेच वाढली आहेत. शहर येते तेव्हा प्रथम घर येत नाही, प्रथम रस्ता येतो. शेताच्या मधून भराव घालून रस्ता जातो. त्याखाली मोरी ठेवतात ती लहान. मग कोणी तरी रस्त्यालगतचा आपला तुकडा विकतो. एखाद्या सुटीला जोडून आलेल्या रात्री लाल मातीचे ट्रक येतात. ती माती कुठल्या तरी डोंगराची उतरण कापून आणलेली असते, आणि त्या डोंगराच्या पायथ्याची झर त्या वर्षापासून आटू लागते; तेव्हा एका ट्रकाने दोन गावांची हानी होते. तुकडा भरला गेला की वरच्या अंगाच्या शेतातले पाणी अडते. पहिल्या पावसाळ्यात लावणी कुजते. दुसऱ्या पावसाळ्यात माणूस अर्धेच शेत लावतो. तिसऱ्यात म्हणतो, मजुरी अंगावर येते, राहू दे. मग तेथे लव्हाळे वाढते, बगळे बसतात, प्लास्टिक साचते, आणि येणारे-जाणारे म्हणू लागतात की ही जमीन अशीही पडीकच आहे, हिचा काही उपयोग करावा. ज्याने पहिला तुकडा भरला त्याचे नाव तोवर कोणाच्या ध्यानात राहत नाही.

असा भराव करणे गुन्हा नाही काय? आहे. नगर व ग्राम नियोजन कायद्यात १९९७ साली १७-अ हे कलम घालण्यात आले. सखल जमिनीत भराव घालणे व डोंगर कापणे यांस लेखी परवानगी हवी, असे त्यात स्पष्ट आहे. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीचा शेतीवाचून अन्य उपयोग करू नये, असा कायदा १९९१ पासून आहे. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून २०२३ साली आणखी एक कायदा झाला. मग हे गिऱ्हाईक शेत घेणार कसे, असे वाचक विचारतील. आम्हीही त्या भगिनीला तेच विचारले. "विभाग बदलून आणू, ते आमच्याकडे लागले," असे गिऱ्हाइकाने थोरल्या दिरांना सांगितल्याचे तिने कळविले.

विभाग बदलण्याचा हा इतिहास थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये जो प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला, त्यात शेते आणि डोंगर वसाहतीसाठी दाखविले गेल्याचे ध्यानात येताच गावोगावची माणसे उठली, गोवा बचाव अभियान उभे राहिले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्या चळवळीत आमच्या चर्चांच्या अंगणांतून किती सभा झाल्या हे जुन्या वाचकांस आठवत असेल. पुढे २०२१ चा आराखडा गावकऱ्यांना विचारून तयार करण्याचा यत्न झाला. मग २०२३ मध्ये कायद्याच्या १७ व्या कलमात एक पोटकलम आले. आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त कराव्यात, एवढाच त्याचा उच्चारित हेतू; पण त्या वाटेने एकेका मालकाच्या अर्जावर शेताचे वसाहतीत रूपांतर होऊ लागले. लोक न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोव्यातील पीठाने त्याखालील नियम रद्द ठरविले. दरम्यान २०२४ मध्ये ३९-अ हे दुसरे कलम आले होते. त्यातही एकेका तुकड्याचा विभाग बदलण्याची सोय आणि लोकांच्या हरकतींस ३० दिवसांची मुदत ठेवलेली होती. तीस दिवसांत राजपत्र वाचून, सर्व्हे नंबर ओळखून, हरकत लिहिणे हे शेतकऱ्याच्या घरी किती शक्य आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. तुकड्यातुकड्याने विचार करण्यातच सारा घोटाळा आहे. खाजणाला तुकडे नसतातच. त्याला एक मानस असते.

हे केवळ गोमंतकाचे दुखणे नव्हे. या भगिनीच्या माहेरी, बेळगावच्या दक्षिणेस, शहापूर, वडगाव, येळ्ळूर या भागातील बासमती भाताची शेते नावाजलेली. तेथे हलगा ते मच्छे या बायपासासाठी सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे झगडले, आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी अतिवृष्टीत शिवारात पसरून पिके कुजल्याची तक्रार तेथून सतत येत असते. नाला जुनाच आहे. त्याची वाट अरुंद झाली आहे.

आणि वसईची कहाणी तर आमच्या समाजाची घरचीच कहाणी आहे. केळीच्या, पानवेलींच्या, भाजीच्या त्या वाड्या, विहिरीवरचे ते रहाट, हे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आजची वसई ओळखू येत नाही. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी उभे राहिले तेव्हा त्यांना विकासाचे वैरी म्हटले गेले. जुलै २०१८ मध्ये तेच शहर पाण्यात बुडाले, आगगाड्या बंद पडल्या, मिठागरांतील माणसे अडकून राहिली. पाणी ज्या सखल जागांत पसरत असे आणि ज्या खाड्यांतून समुद्राला मिळे, त्यांवर भराव झाले होते. वसईतील ज्या कुटुंबांनी एक गुंठाही विकला नव्हता त्यांच्या ओसरीवरही ते पाणी चढले. आम्हांस त्या भगिनीला सांगावयाचे होते ते नेमके हेच.

परंतु आमच्याही मनात एक अडखळा होता, तो येथे लपवीत नाही. धर्मपुस्तकातील नाबोथाची गोष्ट अशा प्रसंगी सहज आठवते. अहाब राजा त्याचा मळा मागतो, बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊ करतो, आणि नाबोथ वाडवडिलांचे वतन देण्यास नकार देतो. या गोष्टीतील एक बारीकसा तपशील आम्हांस पूर्वी कधी फारसा जाणवला नव्हता: राजाला तो मळा हवा होता तो राजवाड्याच्या जवळ होता म्हणून. जमीन चांगली म्हणून नव्हे, जवळ म्हणून. शहराच्या वेशीवरच्या शेताचे दुर्दैव हेच. पण प्रवचनात नाबोथाचे नाव घेणे सोपे आहे. नाबोथाला कुवेतमध्ये भाऊ नव्हता, मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरावयाची नव्हती, आणि नांगरणीला माणूस मिळत नाही हीही त्याची अडचण नव्हती. या भगिनीच्या घरी ह्या तीनही गोष्टी आहेत. थोरले दीर लोभी आहेत असे पत्रात कोठेही नाही. ते साठी उलटलेले, एकटे, थकलेले आहेत. ज्या गावाने तीन वर्षांत त्यांना एकदाही विचारले नाही की तुमचे शेत का पडले, त्या गावाला आता त्यांनी विकू नये असे म्हणण्याचा अधिकार कितपत आहे?

म्हणून आम्ही तिला सही कर असेही लिहिले नाही, नको करू असेही लिहिले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात सृष्टीतील सर्व गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्याचे आवर्जून सांगितले होते. तो विचार तिच्या शेतापुरता उतरविला तर काय करावे, एवढेच कळविले. पहिली गोष्ट, हे शेत सासऱ्यांकडे वडिलार्जित आले की कुळकायद्याने, हे कागदांवरून पाहावे. कुळकायद्याने आले असेल तर १९९१ चा कायदा आड येतो, आणि गिऱ्हाइकाच्या आश्वासनावर विसंबून व्यवहार केल्यास पुढे कोर्टाच्या पायऱ्या विकणाऱ्याच्याही नशिबी येतात. दुसरी, एक व चौदाच्या उताऱ्यावर आपली नावे लागली आहेत काय आणि इन्व्हेंटरी पुरी झाली आहे काय, हे वकिलाकडून तपासून घ्यावे, गिऱ्हाइकाच्या वकिलाकडून नव्हे. आणि तिसरी, जी आम्हांस खरी महत्त्वाची वाटली: घरातल्या सर्वांनी मिळून, पुनवेच्या मोठ्या भरतीला, बांधावरून एकदा चालत जावे. पाणी नेमके कोठून आत येते आणि कोठे अडते ते डोळ्यांनी पाहावे. शेत पडीक का झाले हे कळल्यावाचून ते विकावे की ठेवावे हा प्रश्नच नीट मांडता येत नाही.

सल्ला देताना आम्हांस फारशी आशा नव्हती. थकलेल्या माणसाला भरतीच्या वेळी बांधावर चालावयास सांगणे म्हणजे पुस्तकी उपदेश, असे आमच्याच एका सहकाऱ्यांनी म्हटले, आणि आम्ही ते मुकाट्याने ऐकून घेतले.

गेल्या आठवड्यात तिचे दुसरे पत्र आले. धाकटे दीर रजेवर आले होते. खरे तर सह्यांसाठीच आले होते. पुनवेच्या दिवशी तिघे बांधावर गेले: दोघे दीर आणि ही. तिची जाऊ गुडघ्यांमुळे कपेलापाशीच थांबली. मानशीच्या चार झडपांपैकी दोन जाग्यावर नव्हत्या आणि तिसरीची खालची फळी कुजून गेली होती; भरतीचे पाणी आत असे येत होते की जणू तेथे दार नव्हतेच. रस्त्याखालच्या मोरीत झाडाच्या फांद्या आणि गोण्या अडकल्या होत्या. धाकटे दीर लहानपणी त्याच मानशीवर गरी टाकून बसत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, तू हे कोणाला सांगितले नाहीस?" थोरले म्हणाले, "कोणाला सांगू?"

त्या शेतांच्या कुळसंघाची सभा किती वर्षे झाली नाही हे गावात कोणालाच निश्चित सांगता येईना. संघाचे जुने दप्तर एका वृद्ध गावकऱ्याच्या पेटीत निघाले. पंचायतीच्या ग्रामसभेत मोरी मोकळी करण्याचा विषय मांडण्यासाठी नऊ घरांच्या सह्या झाल्या आहेत. पैकी पाच घरे विकण्याच्याच बेतात होती, असे ती लिहिते. विक्रीचा कागद मोडलेला नाही. गिऱ्हाइकाला नाताळानंतर बघू असे कळविले आहे, आणि त्याने रक्कम वाढवून सांगितली आहे. धाकटे दीर कुवेतला परत गेले. जाताना काही पैसे वहिनीच्या हाती ठेवून गेले, कशासाठी ते मात्र बोलले नाहीत.

नाताळापर्यंत काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. मात्र तिने पत्राच्या शेवटी एक विचारणा केली आहे, तिचे उत्तर आमच्यापाशी नाही आणि वाचकांपैकी कोणापाशी तरी नक्की असेल. मानशीच्या झडपांना कोणते लाकूड घालावे, ते खाऱ्या पाण्यात किती वर्षे टिकते, आणि चार झडपा नव्याने बसवून घेण्यास सुतार आजकाल काय घेतो? ज्यांनी आपल्या गावी हे काम अलीकडे करून घेतले असेल त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर कृपया लौकर कळवावे. काम उन्हाळ्यापूर्वी ठरवावे लागते.